न्यू जर्सीत घर घेताय? रेडॉन टेस्टचं आधी बघा

इथे घर बघायला गेलं की आपली मंडळी आधी विचारणार स्कूल डिस्ट्रिक्ट कसंय, ट्रेन स्टेशन किती लांब, दार पूर्वेला आहे ना, आणि बेसमेंट दिसलं की झालंच, इथे होम थिएटर टाकू म्हणत वर येणार. रेडॉन नेमका तिथूनच घरात शिरतो. जमिनीतल्या युरेनियमपासून होणारा गॅस, ना रंग ना वास, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या कारणांत सिगरेटनंतर याचाच नंबर.

टेस्ट कायद्याने कंपल्सरी नाही, त्यामुळे आपणच मागावी लागते. एजंटने केलेल्या कॉन्ट्रॅक्टवर सह्या झाल्या की तो तपासून बदल सुचवायला वकिलाकडे 3 वर्किंग डेज असतात, त्यातच लिहून घ्या की टेस्ट करणार आणि 4 पिकोक्युरी प्रति लिटर (हवेतला रेडॉन मोजायचं माप) किंवा जास्त आलं तर रेडॉन बाहेर काढणारी सिस्टिम कोणाच्या खर्चाने बसणार. नंतर तोंडी बोलून काही होत नाही हो.

कागदांत मुख्य म्हणजे जुना रिपोर्ट. आधी टेस्ट झाली असेल तर तिचा रिझल्ट आणि सिस्टिम बसवली असेल तर त्याचा पुरावा, हे सेलरने कॉन्ट्रॅक्टच्या वेळीच द्यायचं असा इथला कायदा आहे. मालक स्वतःच्या घरात टेस्टचं किट लावू शकतो, पण तुम्ही अजून मालक नाही, तेव्हा राज्याच्या डीईपीने (पर्यावरण खात्याने) सर्टिफाय केलेला माणूसच बोलवा, आणि त्याचा सर्टिफिकेशन नंबर रिपोर्टवर आहे ना तेही बघून घ्या.

टेस्ट कमीत कमी 48 तासांची. सुरू व्हायच्या 12 तास आधीपासून ते संपेपर्यंत खिडक्या बंद, ये-जा करायला दार उघडलं तर चालतं. आता घरात राहतोय सेलर आणि आकडा कमी यावा असं वाटणारही तोच, त्यामुळे कोणी छेडछाड केली तर कळेल असं मशीन लावायला सांगा. टेस्टची डबी किंवा मशीन सगळ्यात खालच्या राहण्याजोग्या मजल्यावर, जमिनीपासून 20 इंच तरी वर. किचन-बाथरूममध्ये नको.

आकडा जास्त आला म्हणून लगेच घर सोडू नका, स्लॅबखालून पाइप आणि फॅन लावून गॅस छपरावर सोडतात, बहुतेक घरांत तेवढ्यात काम होतं. घरात आधीच तो पाइप असेल तर त्यावरची यू आकाराची नळी बघा, दोन्ही बाजूंचा रंगीत द्रव सारख्या लेव्हलला असेल तर फॅन बंद पडलाय.