एफपीजीएसाठी सिंथेसिस टूल निवडताना

एफपीजीए चिप कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिला कोणतंच काम नेमून दिलेलं नसतं. तिच्या आत हजारो छोट्या सत्यता सारण्या असतात आणि त्यांना जोडता येतील अशा तारांचं जाळं. लॅटिस कंपनीच्या आइस-४० मालिकेत प्रत्येक सारणीला चार इनपुट असतात. म्हणजे सोळा बिट भरले की चार इनपुटांचं कुठलंही तर्कफल त्यातून मिळतं. या सारणीला म्हणतात एलयूटी. आपण व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या भाषांमध्ये सर्किटचं वर्णन लिहितो आणि त्याचं एलयूटी, एकेक बिट लक्षात ठेवणारे फ्लिप-फ्लॉप, मेमरी ब्लॉक यांच्या जाळ्यात रूपांतर करतं ते सिंथेसिस टूल. कुठला भाग चिपवर कुठे बसवायचा आणि तारा कुठून न्यायच्या, हे काम, म्हणजे मांडणी, त्यानंतरचं.

आइस-४० साठी निवडीला खरोखर वाव आहे. लॅटिसच्या आइसक्यूब-२ मध्येच दोन इंजिनं मिळतात: कंपनीचं स्वतःचं एलएसई आणि सिनॉप्सिसचं सिनप्लिफाय प्रो. तिसरा पर्याय म्हणजे मुक्त स्रोत योसिस. चिपमध्ये भरायच्या बिटांची रचना लॅटिसने जाहीर केलेली नव्हती. क्लेअर वुल्फ आणि मथियास लासर यांनी २०१५ मध्ये प्रोजेक्ट आइसस्टॉर्ममधून ती उलगडली, म्हणून कोडपासून चालत्या चिपपर्यंतचा सगळा रस्ता मुक्त झाला. माझ्या मते गेल्या काही दशकांत या क्षेत्रात विद्यार्थ्यांसाठी घडलेली ही सर्वांत चांगली गोष्ट.

‘सगळ्यांत कमी एलयूटी कोण वापरतं?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो, पण त्याने फार काही कळत नाही. तारांमधला विलंब मांडणी झाल्यावरच समजतो, तोवर सर्किट किती मेगाहर्ट्झला चालेल याचा आकडा अंदाजाचाच. शिवाय मांडणी करणाऱ्या नेक्स्टपीएनआर या टूलला सुरुवातीचा सीड (ज्यावरून ते यादृच्छिक निवडी करतं तो आकडा) वेगळा दिला की तेच सर्किट थोड्या वेगळ्या वेगाने चालतं. एकेकदाच चालवून दोन टूलांमध्ये चार-पाच टक्क्यांचा फरक दिसला, तर तो टूलचा की सीडचा हे सांगता येणार नाही. प्रत्येकाला अनेक सीड द्या, वेळेच्या अटी सारख्याच ठेवा, आणि मुख्य म्हणजे आपलंच डिझाइन वापरा.

खरा फरक पडतो तो टूलला आपला हेतू ओळखता येतो की नाही, यात. समजा, ५१२ ओळींची, प्रत्येकी आठ बिटांची मेमरी हवी आहे. हे झाले ४०९६ बिट, म्हणजे आइस-४० चा बरोबर एक मेमरी ब्लॉक. पण या ब्लॉकमधून वाचन घड्याळाच्या ठोक्यावरच होतं. कोडमध्ये ठोक्याची वाट न पाहता थेट वाचन लिहिलं, तर टूलला ब्लॉक वापरताच येत नाही. मग ४०९६ फ्लिप-फ्लॉप खर्ची पडतात, आणि याच मालिकेतल्या एचएक्स८के चिपमध्ये मुळात ७६८० लॉजिक सेल (प्रत्येकात एक एलयूटी आणि एक फ्लिप-फ्लॉप) आहेत! हवी ती ओळ निवडण्यासाठी लागणारे एलयूटी त्यावर आणखी. रीसेटला सगळी मेमरी एका फटक्यात शून्य करायला सांगितलं तरी हेच होतं. अशा वेळी टूल बदलून उपयोग नाही, कोड बदलावा लागतो. म्हणून रिपोर्टमध्ये मेमरीचं काय झालं हे स्पष्ट लिहिणारं टूल मला चार एलयूटी वाचवणाऱ्या टूलपेक्षा मोलाचं वाटतं.

गुणाकाराचंही असंच. आइस-४० मालिकेतल्याच यूपी५के चिपमध्ये १६ बाय १६ बिटांचे आठ तयार गुणक आहेत, पण योसिसला ‘डीएसपी’ हा पर्याय मुद्दाम दिला नाही तर ते गुणाकार एलयूटींतूनच उभारतं. हा पर्याय न देता केलेली तुलना योसिसवर अन्याय करणारी ठरते.

काही वेळा मात्र निवड आपल्या हातात राहत नाही. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या सुधारित यंत्रणेत रोच नावाचे बोर्ड वापरले गेले, त्यांवर झायलिंक्स (आता एएमडीचा भाग) या कंपनीची व्हर्टेक्स-५ ही एफपीजीए चिप आहे. झायलिंक्सचं नवं टूल व्हिवाडो ७-सिरीज आणि त्यापुढच्याच चिप ओळखतं. व्हर्टेक्स-५ साठी जुनं आयएसई लागतं, आणि त्याची शेवटची आवृत्ती, १४.७, आली २०१३ मध्ये. उपकरण दीर्घकाळ चालवायचं असेल तर टूल आणि ते ज्यावर चालतं ती ऑपरेटिंग सिस्टिम, दोन्ही जपून ठेवावं लागतं.

शिकणाऱ्यांनी योसिसपासून सुरुवात करावी असं मी आग्रहाने सांगेन. परवान्याची कटकट नाही, आणि ‘शो’ ही आज्ञा दिली की सर्किटचं चित्र प्रत्येक टप्प्यावर पाहता येतं. वर्षानुवर्षांचा व्हीएचडीएल कोड हाताशी असेल तर सिनप्लिफाय सोयीचं, कारण योसिसला व्हीएचडीएलसाठी जीएचडीएल या वेगळ्या टूलची जोड द्यावी लागते. मोठ्या, नव्या चिपसाठी मांडणी कंपनीच्याच टूलमध्ये होणार, तर सिंथेसिसही तिथेच करून पाहावं.

कुठलंही टूल घेतलं तरी त्याच्यावर आंधळा विश्वास नको. लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये संगणकाकरवी यादृच्छिक व्हेरिलॉग प्रोग्राम लिहवून टूलांची परीक्षा घेतली, तेव्हा योसिस आणि व्हिवाडो दोन्हींत चुका सापडल्या. काही ठिकाणी तर टूल कुरकूर न करता चुकीचं सर्किट बनवत होतं. त्यामुळे सिंथेसिसनंतरच्या जाळ्यावरही मूळ कोडच्याच चाचण्या पुन्हा चालवाव्यात, आणि टूलची नेमकी आवृत्ती कोडसोबत नोंदवून ठेवावी.