विशीचा कान, चाळिशीचा कान

पुण्यात एक समज पक्का आहे. विशीत फिल्मी गाणी, तिशीत गझल, आणि चाळिशी गाठली की माणूस सवाई गंधर्व या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवात जाऊन बसतो. वय वाढलं तशी आवड सुधारली, असा त्याचा अर्थ लावला जातो. आम्हाला तो पटत नाही. चाळिशीत जे गाणं ओढून घेतं, ते बहुधा लहानपणी कानावरून गेलेलंच असतं.

१९१६ साली ‘संगीत स्वयंवर’ रंगभूमीवर आलं. भास्करबुवा बखल्यांनी पदांना रागदारीच्या चाली दिल्या आणि बालगंधर्वांनी गायलेलं ‘नाथ हा माझा’ हे यमन रागातलं पद घराघरांत पोचलं. त्या काळच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. विस्तार छाटला जाई, मुखडा आणि चार ताना उरत. तरीही यमनचा तीव्र मध्यम (चढा म) ऐकणाऱ्याच्या कानात बसला, रागाचं नाव ठाऊक नसताना.

१९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची फिल्मी गाणी जवळपास हद्दपार झाली. तरुण मंडळी बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लावू लागली. फिल्मी गाण्यांना हक्काची जागा देणारी विविध भारती आली ती १९५७ मध्ये. मधल्या काळात, १९५३ मध्ये, आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं, आणि त्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरून गदिमा-बाबूजींचं गीतरामायण लागत होतं. गीतं ५६, पहिलंच भूप रागात. म्हणजे सिलोनवर जीव टाकणाऱ्या त्याच पोरांच्या कानात भूपही मुरत होता.

कॅसेटने दोन गोष्टी बदलल्या. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्धा तास चाले, त्यामुळे ख्याल, म्हणजे रागाचं विस्ताराने होणारं गायन, छाटायची गरज उरली नाही. आणि वॉकमनमुळे गाणं घराचं न राहता एकट्याचं झालं. आवडती ओळ परत परत मागे नेऊन ऐकली की फितीवरचा चुंबकी थर नेमका तिथेच झिजे, आणि आधी जाई ती वरच्या पट्टीतली झळाळी.

आवड कधी ठसते, यावर १९८९ मध्ये हॉलब्रुक आणि शिंडलर यांचा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या वयाच्या श्रोत्यांना जुनी-नवी गाणी ऐकवली, तेव्हा साडेतेवीसच्या आसपास वय असताना गाजलेली गाणी लोकांना सर्वांत प्रिय निघाली. म्हणजे लाडकी गाणी विशीत ठरतात, पण कानाची मशागत त्याआधीच झालेली असते, असं आम्हाला वाटतं.

चाळिशीनंतर कानही बदलतो. विशीत सतरा-अठरा हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येणारा कान पन्नाशीकडे बारा हजारांच्या आसपास थांबतो, आणि त्याखालचा भागही हळूहळू मंदावतो. स, श, फ ही व्यंजनं वरच्याच भागात असतात. ठेक्याचा दणका त्यांना झाकून टाकतो आणि ‘नव्या गाण्यात शब्दच कळत नाहीत’ ही तक्रार सुरू होते. आवाज वाढवला तर दणकाही वाढतो. त्यापेक्षा बास उतरवा आणि दोन ते चार हजार हर्ट्झची पट्टी किंचित वर घ्या. कान सांभाळायचा तर पंच्याऐंशी डेसिबलला दिवसाला आठ तास ही मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला ती निम्मी होते. अठ्ठ्याऐंशीला चारच तास.

या वयात शास्त्रीय ऐकायला बसणारे बरेचजण पहिल्याच महिन्यात सोडतात. कारण साधं आहे: सुरुवातच विलंबित (संथ) एकतालापासून होते. बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण मिनिटभर चालतं, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येते कळत नाही, मन भटकतं. उलट्या बाजूने या. ओळखीचं पद तीन-चारदा ऐका, मग त्याच रागातली द्रुत (जलद) त्रितालातली बंदिश. हातावर सोळा मात्रा मोजा, पाच, नऊ, तेरावर खूण करा. समेवर टाळी आपोआप पडू लागली की मग विलंबित लयीतला बडा ख्याल. यमन आणि भूप यांना महिना-महिना द्या. एकाच आठवड्यात पाच राग ऐकले तर सगळ्यांची खिचडी होते.

पूर्वी सवाई रात्रभर चाले. रात्री दरबारी, मालकंस, आणि उजाडता ललत, तोडी त्या-त्या वेळी कानावर पडत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकाला बंदी आली. वर्षातल्या ठरावीक दिवशी सवलत मिळते, तीही मध्यरात्रीपर्यंतच. पहाटेची मैफल गेली, याची हळहळ आम्हाला आजही आहे. पण सत्रं दुपारीच सुरू होऊ लागल्यामुळे भीमपलास, पटदीप, मुलतानी यांना मोकळी जागा मिळाली. आज आईबाबांबरोबर मांडवात येऊन डबा खाता खाता ऐकणाऱ्या मुलांच्या कानात हेच राग जात आहेत.