जिलाँग : लोकरीचे बंदर आणि तिथल्या नौकाशर्यती

जिलाँग हे ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातले मेलबर्नखालोखाल मोठे शहर व बंदर आहे. मेलबर्नच्या नैर्ऋत्येला सुमारे ७५ किमी.वर, पोर्ट फिलिप उपसागरातून पश्चिमेकडे शिरलेल्या कोरायो उपसागराच्या काठी ते वसले आहे. शहराच्या दक्षिणेकडून बारवन नदी वाहते. ब्रिटिश वसाहतीतले गाव म्हणून १८३८ मध्ये त्याची आखणी झाली, १८४९ मध्ये नगरपरिषद आली आणि १९१० मध्ये शहराचा दर्जा मिळाला. या संपूर्ण काळात गाव चालले ते लोकरीवर. अडत्या, किराणा व्यापारी, पडाववाला (मालवाहू होडीवाला), गिरणीवाला यांपैकी कोणाचीही चोपडी उघडली तरी हिशेब शेवटी मेंढीपाशीच येई. पाण्यावरच्या शर्यतीही याच पैशावर आणि याच वेळापत्रकावर उभ्या राहिल्या.

हा मूळचा वाडावुरुंग लोकांचा प्रदेश. ‘मुर्नाँग’ नावाचे गोडसर कंद हे त्यांचे रोजचे अन्न होते व ते खणून काढण्याचे काम बायकांचे असे. १८३५ पासून टास्मानियातून (तेव्हाचे व्हॅन डीमेन्स लँड) जहाजे भरभरून मेंढ्या आल्या. या कळपांनी काही वर्षांतच मुर्नाँगची माळराने चरून साफ केली. जमीन कोणाची, हा प्रश्न गोऱ्या मेंढपाळांनी कागदावर मिटवला आणि वाडावुरुंगांच्या वाट्याला उपासमार, रोगराई व बंदुका आल्या. लोकरीच्या भरभराटीच्या जमाखर्चाची दुसरी बाजू ही आहे. जुन्या स्थानिक इतिहासांत ती दोन ओळींत आटोपलेली दिसते.

या मेंढ्यांमागे ज्यांचे भांडवल होते, त्यांतला एक माणूस मराठी वाचकाला वेगळ्या संदर्भात ठाऊक असू शकेल. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईत कंपनी सरकारच्या बाजूने पुणे ऑक्झिलरी हॉर्स या घोडदळाची तुकडी घेऊन लेफ्टनंट चार्ल्स स्वॉन्स्टन लढला व जखमी झाला. पुढे तो टास्मानियातल्या होबार्टला स्थायिक झाला, तिथल्या डरवेंट बँकेचा सर्वेसर्वा बनला आणि पोर्ट फिलिपच्या जमिनींसाठी स्थापन झालेल्या मंडळीत सामील झाला. जिलाँगजवळ बारवनकाठी मेंढ्या पाळणारी डरवेंट कंपनी मुख्यतः त्याच्या पैशावर चालली. कर्जे बुडाली, १८४९ मध्ये बँक बुडाली आणि पुढच्याच वर्षी समुद्रप्रवासात तो वारला. मेलबर्नमधला मुख्य स्वॉन्स्टन रस्ता त्याच्याच नावाचा आहे.

सगळे कुरणवाले मात्र असे लष्करी किंवा सराफी थाटाचे नव्हते. ॲन ड्रायस्डेल ही स्कॉटिश बाई १८४० मध्ये स्वतःच्या भांडवलानिशी आली. तिने बारवनकाठच्या बोरोंगूप येथे कुरणाचा परवाना घेतला आणि कॅरोलाइन न्यूकम या तरुणीला भागीदार केले. न्यूकम पूर्वी पोर्ट फिलिपची वसाहत उभारणाऱ्यांपैकी एक असलेल्या जॉन बॅटमनच्या मुलांची शिक्षिका होती. दोघींनी मेंढ्या, नोकर, कातरणी, विक्री हे सारे स्वतः पाहिले. जिलाँगचे एक उपनगर आणि जवळचे एक गाव आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

लोकरीचे वर्ष वसंतात, म्हणजे तिकडच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होई. सुरुवातीच्या काळात आधी मेंढ्यांना ओढ्यात घालून धूत, मग कातरत. कातरलेली लोकर गोणपाटाच्या थैल्यांत दाबून गाठी बांधल्या जात आणि गाठीवर कुरणाचा छाप शाईने उठवला जाई. मग बैलगाड्या निघत. पश्चिमेकडच्या लांबच्या कुरणांवरून जिलाँग गाठायला आठवडे लागत. येताना गाडीत लोकर आणि परतताना पीठ, चहा, साखर, कातऱ्या, कपडे. हा माल बहुधा उधारीवरच दिलेला असे. व्यापारी हंगामाआधी उचल देई, हंगामात लोकर ताब्यात घेई आणि मग वळते करी. कापसाच्या अडतीशी संबंध आलेल्या वऱ्हाडातल्या वाचकाला हा व्यवहार समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे उचल घेणारा हजारो एकरांचा धनी असे आणि तरीही डोक्यापर्यंत कर्जात असे.

जेम्स फोर्ड स्ट्रॅचन हा या पद्धतीच्या पहिल्या पिढीतला व्यापारी. तोही टास्मानियातून आला, दुकान व दगडी वखार बांधली आणि लोकर विकत घेऊन लंडनला धाडू लागला. लंडनमध्ये विक्री होऊन पैसे हाती येईपर्यंत वर्ष उलटून जाई. चार्ल्स जॉन डेनिसने १८५७ मध्ये जिलाँगमध्येच लोकरीचा लिलाव पुकारला, ही त्या वेळी मोठीच उडी होती. गिऱ्हाइकाने लंडनमध्ये थांबण्याऐवजी वसाहतीत यावे, असा तो डाव होता. तो साधला. पुढे युरोपातल्या गिरण्यांचे खरीददारही हंगामात थेट इकडे येऊ लागले. डेनिसचा भाचा एडवर्ड लॅसेलस पेढीत आल्यावर ‘डेनिस लॅसेलस’ हे नाव रूढ झाले.

या पेढीची १८७२ ची निळसर काळ्या दगडातली वखार आजही मूराबूल रस्त्यावर उभी आहे. तिची सगळी रचना एका गरजेतून आली आहे. लोकर विकायची तर ती नीट दिसली पाहिजे. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो, म्हणून छपराला करवतीच्या दात्यांसारखे उतार देऊन काचा दक्षिणेकडे बसवत. त्यातून येणारा उजेड मऊ असतो आणि त्यात चकाकी नसते. वरच्या मजल्यावर गाठी ओळीने मांडून त्यांची तोंडे उसवून ठेवत. खरीददार मूठभर लोकर ओढून काढी, बटेतली एक लट दोन्ही टोकांनी ताणून धरी आणि कानाजवळ नेऊन बोटाने टिचकी मारी. धागा मजबूत असेल तर आवाज खणखणीत येई, कमजोर असेल तर लट चरचरून मध्येच तुटे. दुष्काळात उपाशी राहिलेल्या मेंढीच्या लोकरीत हमखास असा कच्चा जोड सापडे. लट किती बारीक कुरळी आहे, मेण किती, काटे-कुसळ किती हेही हातानेच ठरे. सगळा भाव त्या हातावर अवलंबून असे.

विकलेला माल जहाजावर चढवणे ही वेगळीच कटकट होती. कोरायो उपसागराच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असल्याने मोठी जहाजे आत येऊ शकत नसत. ती पॉइंट हेन्रीपाशी नांगर टाकत आणि गाठी पडावांतून तिथवर न्याव्या लागत. यात पैसा जाई, वेळ जाई, शिवाय माल भिजण्याची भीती. जहाजाच्या पोटात स्क्रू-जॅक लावून गाठी ठासत, म्हणजे तितक्याच जागेत जास्त मावत. उंचवटा खणून वाट काढण्याचे काम शतकाच्या मध्यापासून चालले आणि १८९० च्या दशकात होपटन चॅनल खुले झाल्यावर खरा प्रश्न सुटला. १८५७ मध्ये मेलबर्नच्या दिशेने रेल्वे सुरू झाली. उद्घाटनाच्याच दिवशी गाडीतून बाहेर डोकावणारा रेल्वेचा एक वरिष्ठ अधिकारी पुलाला आपटून ठार झाला. रेल्वेचा फाटा थेट धक्क्यावर नेला, पण त्याच रुळांवरून धंदा मेलबर्नकडेही सरकू लागला. बॅलराटच्या सोन्याच्या खाणींना जिलाँग लांब पडते असे दाखवणारा खोटा नकाशा मेलबर्नवाल्यांनी पसरवला, ही गोष्ट जिलाँगकर आजही चवीने सांगतात. स्वतःला वसाहतीची ‘पिव्हट’, म्हणजे मधली खुंटी, म्हणवणाऱ्या गावाला मेलबर्नवाले ‘स्लीपी हॉलो’, म्हणजे पेंगुळलेली घळ, म्हणून चिडवत.

लोकरीभोवती इतर धंदे वाढले. बारवनकाठी कातडी कमावण्याचे व लोकर धुण्याचे कारखाने होते. व्हिक्टोरियात विणलेल्या कापडासाठी वसाहतीच्या सरकारने १,५०० पौंडांचे इनाम जाहीर केले होते. त्यातून जिलाँगला १८६८ मध्ये वसाहतीतली पहिली लोकर गिरणी सुरू झाली आणि पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या. १८४० पासून निघणाऱ्या ‘जिलाँग ॲडव्हर्टायझर’चा संपादक जेम्स हॅरिसन हा या गावातला सर्वांत चक्रम आणि कदाचित सर्वांत हुशार उद्योजक. छापखान्यात अक्षरांचे खिळे इथरने पुसताना ते थंड पडतात यावरून त्याला यंत्राने बर्फ करण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. बारवनकाठी रॉकी पॉइंटला त्याने यंत्र उभारले आणि पेटंटही घेतले, पण तो कर्जबाजारी झाला. १८७३ मध्ये त्याने ‘नॉरफोक’ जहाजातून लंडनला गोठवलेले मांस पाठवले, तेही वाटेत सडले. मांस निर्यात करता येत नाही तोवर मेंढीची किंमत फक्त लोकर आणि चरबी एवढीच होती. १८४० च्या दशकातल्या मंदीत तर कळपच्या कळप कढईत उकळून चरबी विकली गेली. शेजारच्या विंचेल्सीजवळ टॉमस ऑस्टिनने १८५९ च्या नाताळाच्या सुमारास शिकारीसाठी रानससे सोडले. त्यांच्या पिलावळीने पुढे मेंढ्यांचेच गवत फस्त केले.

शर्यतींचा हंगाम आणि लोकरीचा हंगाम एकमेकांना लागून येत. जानेवारीत कातरणी उरकलेली, वखारी भरलेल्या, लोकर नेणारी जहाजे बंदरात आणि कुरणवाले हिशेबासाठी गावात. कोरायोतल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतींची परंपरा १८४४ पासून सांगितली जाते आणि मेलबर्नहून जिलाँगला येणारी शर्यत व्हिक्टोरियातली सर्वांत जुनी क्रीडास्पर्धा मानली जाते. वसाहतीतल्या इतर बंदरांप्रमाणे इथेही व्हेलबोटी (देवमाशांच्या शिकारीच्या होड्या) व जहाजांच्या गिग नावाच्या हलक्या होड्या उतरत आणि खलाशी व नावाडी रोख बक्षिसांसाठी वल्ही मारत. पडाव वाहणाऱ्या हातांना सराव वेगळा करावा लागत नसे. यॉट क्लब १८५९ मध्ये स्थापन झाला आणि पुढे त्याला ‘रॉयल’ पदवी मिळाली.

नदीवरचे वल्हवणे मात्र निराळ्या वर्गाचे झाले. बारवनवर गोडे आणि खारे पाणी वेगळे करण्यासाठी पहिला दंडाधिकारी फॉस्टर फायन्स याने कैद्यांकरवी बांध घातला होता. त्याच्या वरचे पाणी संथ, रुंद आणि शर्यतीला सोयीचे. तिथे बारवन रोइंग क्लब (१८७०) आणि मूळचा उपसागरावरचा कोरायो बे रोइंग क्लब (१८७३) रुजले. कुरणवाल्यांची मुले जिलाँग ग्रामर (१८५५) व जिलाँग कॉलेज (१८६१) या शाळांत शिकत. ग्रामरचा शिक्षक व कवी जेम्स लिस्टर कथबर्टसन याने तिथे नौकानयनाचे वेड लावले. मेलबर्नच्या शाळांनी १८६८ मध्ये सुरू केलेल्या ‘हेड ऑफ द रिव्हर’ शर्यतीत ग्रामर १८७५ पासून उतरली. शर्यतीच्या दिवशी काठावर छत्र्या आणि शाळांचे रंग दिसत, आणि त्याच काठच्या कारखान्यांतून लोकर धुतलेले चिकट, वासट पाणी नदीत येई. याची तक्रार वल्हेकऱ्यांना जितकी होती तितकी गिरणीमालकांना नव्हती. पुष्कळदा दोन्ही गटांत तीच घराणी होती.

विसाव्या शतकात पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकी कापडासाठी सरकारी गिरणी आली आणि १९२५ मध्ये फोर्डचा मोटार कारखाना आला. लोकरीचा एकछत्री अंमल संपला. डेनिस लॅसेलसने १९१० च्या सुमारास बांधलेली काँक्रीटच्या प्रचंड कमानीदार तुळयांची बिनखांबी वखार १९९० मध्ये, वारसा म्हणून तिला वाचवण्याची मागणी असताना, पाडली गेली. १८७२ च्या वखारीत १९८८ पासून राष्ट्रीय लोकर संग्रहालय आहे. किनाऱ्यावरच्या डॅलजेटी कंपनीच्या वखारींत डीकिन विद्यापीठाचा परिसर असून तिथे भारतातूनही विद्यार्थी येतात. ‘हेड ऑफ द रिव्हर’ १९४८ पासून अनेक दशके बारवनवर होत राहिली आणि नंतर व्हिक्टोरियातल्याच नागाम्बीच्या तलावावर गेली. शिडाच्या होड्यांची शर्यत दर जानेवारीत अजूनही मेलबर्नहून कोरायोत येते.