धीर धरणं आणि धीर करणं

मराठीत ‘धीर’ एकच, पण क्रियापद बदललं की अर्थ पार फिरतो. धीर धरणं म्हणजे सोसणं, वाट पाहणं. धीर करणं म्हणजे मनाचा हिय्या करून पुढं होणं. अमेरिकी विद्यापीठांतल्या कृष्णवर्णीय अभ्यासकांच्या हिंमतीबद्दल बोलताना या दोन्हींची हमखास गल्लत होते.

तिथं नोकरी कायम व्हायला, म्हणजे टेन्युअर मिळायला, साधारण सहा-सात वर्षं जातात. तोवर हितचिंतक सांगतात, आत्ता गप्प राहा, कायम झालात की बोला. सल्ला वाईट नाही. घरभाडं कुणाला चुकलंय? शिवाय अख्ख्या विभागात एकटंच कृष्णवर्णीय असताना रोज ताठ मानेनं वर्गात जायलाही जिगर लागते. पण त्यानं माणूस टिकतो, संस्था होती तशीच राहते.

अँजेला डेव्हिस यांना १९६९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेनं तत्त्वज्ञान शिकवायला घेतलं. पहिलं व्याख्यान व्हायच्या आतच पत्रानं विचारणा झाली: तुम्ही कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्य आहात का? उत्तर टाळता आलं असतं. त्यांनी ‘हो’ म्हणून कळवलं. नियामक मंडळानं काढून टाकलं, कोर्टानं ते बेकायदा ठरवलं, आणि १९७० मध्ये त्यांच्या भाषणांवर बोट ठेवून मंडळानं त्यांना पुन्हा घालवलंच. टेन्युअर नव्हता, म्हणजे गमावण्यासारखी नोकरीही धड हातात आलेली नव्हती.

डेरिक बेल यांचं उलट. १९७१ मध्ये हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये टेन्युअर मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक. त्यांना आता कुणी हलवू शकत नव्हतं. एरवी इथंच माणूस सैलावतो, आणि ‘कायम झालात की बोला’ यातलं बोलणं राहूनच जातं. १९९० मध्ये तिथल्या कायम प्राध्यापकांत एकही कृष्णवर्णीय स्त्री नव्हती. ती नेमेपर्यंत मी बिनपगारी रजेवर, असं बेल यांनी जाहीर केलं. स्वतःचा पगार पणाला लावून दुसऱ्या कुणासाठी जागा मागायची, याला मी धीर करणं म्हणेन. सहकाऱ्यांपैकी काहींना तो हटवादीपणा वाटला.

दोन वर्षांनी विद्यापीठानं रजा वाढवायला नकार दिला आणि ती नोकरी गेली. हार्वर्ड लॉ स्कूलनं लानी ग्विनिअर या कृष्णवर्णीय स्त्रीला टेन्युअरसह घेतलं ते १९९८ मध्ये. बेल तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठात पाहुणे प्राध्यापक होते.