जाणवणारा धक्का : मोठ्या कॅलिबरच्या शिकारी रायफली

गोळी सुटताच रायफल मागे येते आणि नेमबाजाच्या खांद्याला व गालाला जो आघात बसतो, त्याला जाणवणारा धक्का म्हणतात. गणिताने निघतो तो मुक्त धक्का. तो गोळीचे वजन, तिचा वेग, दारूचे वजन आणि रायफलीचे वजन या चारच गोष्टींवर ठरतो. जाणवणाऱ्या धक्क्यात मात्र दस्त्याचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाचा आकार, रायफल मागे येण्याचा वेग आणि नेमबाजाची बैठक यांचीही भर पडते. तुलनेतल्या बहुतेक चुका हे दोन धक्के एकच मानल्याने होतात.

मुक्त धक्का काढण्यासाठी गोळीचे वस्तुमान तिच्या वेगाने गुणतात. दारूचे वस्तुमान वायूंच्या वेगाने गुणून त्यात मिळवतात. हा वेग गोळीच्या वेगाच्या साधारण पावणेदोन पट धरतात. या बेरजेला रायफलीच्या वजनाने भागले की मागे येण्याचा वेग मिळतो आणि त्यावरून गतिज ऊर्जा काढता येते. वजन दुर्बीण आणि भरलेल्या काडतुसांसह धरावे. दारूचा वाटा किरकोळ नसतो. .४१६ रिग्बी या काडतुसात (आकडा म्हणजे कॅलिबर, अर्थात नळीचा अंदाजे व्यास, इंचांत) २५.९ ग्रॅमच्या गोळीमागे सुमारे ६.३ ग्रॅम दारू असते आणि संवेगाचा (वस्तुमान गुणिले वेग) जवळजवळ ३० टक्के भाग तिच्यामुळे येतो. .४१६ रेमिंग्टन मॅग्नम हे काडतूस त्याच गोळीला तोच वेग ग्रॅमभर कमी दारूत देते, म्हणून त्याचा धक्का दहाएक टक्क्यांनी हलका बसतो.

या रीतीने ३.६ किलोच्या .३०-०६ रायफलीचा धक्का सुमारे ३० ज्यूल येतो, तर ४.१ किलोच्या .३७५ एच अँड एच मॅग्नमचा सुमारे ५५. त्यापुढची तुलना जास्त उद्बोधक आहे. ४.५ किलोची .४१६ रिग्बी, ४.१ किलोची .४५८ विंचेस्टर मॅग्नम आणि ५ किलोची .४७० नायट्रो एक्सप्रेस दुनळी या तिन्हींचा आकडा ८० ते ८५ ज्यूलच्या दरम्यान पडतो. पण .४५८ सेकंदाला ६.३ मीटर वेगाने मागे येते, .४१६ सहा मीटरने आणि दुनळी ५.८ मीटरने. ऊर्जा तेवढीच असूनही दुनळी खांदा रेटते आणि हलकी .४५८ टोला हाणते. .४६० वेदरबी मॅग्नमची गत वेगळीच आहे. ४.७ किलोच्या रायफलीतही तिचा मागे येण्याचा वेग साडेसात मीटरच्या वर जातो आणि ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास. अमेरिकी सैन्याच्या चाचणी-नियमांत साधारण ८१ ज्यूलच्या वर खांद्यावरून गोळी झाडू देत नाहीत, हे ध्यानात घेतले की या आकड्यांचा अर्थ उमगतो.

दस्त्याचा परिणाम काडतुसाइतकाच मोठा असू शकतो. गाल टेकतो ती दस्त्याची वरची कड नळीच्या रेषेपासून फार खाली असेल तर रायफल सरळ मागे न येता वर फिरते आणि कड गालफडावर आदळते. वेदरबीच्या दस्त्याची कड पुढच्या बाजूला उतरती असते, त्यामुळे रायफल मागे येताना ती गालापासून दूर सरकते. खांद्याला टेकणारा भाग रुंद, सपाट आणि मऊ रबराचा हवा. अरुंद, वळणदार पोलादी पट्टी तेवढ्याच धक्क्याला असह्य करते. दस्ता आखूड असेल तर अंगठा नाकावर येतो आणि दुर्बिणीची कड भुवई फोडते. म्हणून अशा रायफलीवर डोळ्यापासून किमान ९ ते १० सेंटिमीटर अंतर देणारीच दुर्बीण बसवावी.

नळीच्या तोंडावरचा ब्रेक, म्हणजे वायू बाजूला वळवणारे भोकांचे टोक, फक्त वायूंवर काम करतो. म्हणून भरपूर दारू जाळणाऱ्या .४६० वेदरबीत तो फार उपयोगी पडतो, तर वायूंचा वाटा जेमतेम २० टक्के असलेल्या .४५८ विंचेस्टरमध्ये त्यामानाने कमी. मोल मोजावे लागते ते कानांना, आणि शेजारी उभ्या माणसाला नेमबाजाहूनही अधिक. वजन वाढवणे हा त्याहून सुरक्षित उपाय आहे.

तुलनात्मक चाचणी उभ्यानेच करावी. टेबलावर टेकून बसल्यास शरीराला मागे झुकायला फारसा वाव राहत नाही आणि पालथे पडून सर्वांत कमी, कारण सगळा भार गळ्याजवळच्या हाडावर (कॉलर-बोनवर) येतो. दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट रोवावा; सैल धरलेली रायफल आधी वेग घेते, मग आदळते. प्रत्येक रायफलीतून तीन-चारच गोळ्या झाडाव्यात, मध्ये विश्रांती घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी क्रम उलटवावा, कारण थकलेल्या खांद्याला शेवटची रायफल नेहमीच जास्त वाईट वाटते. अधूनमधून कोणाकडून तरी नकळत डमी काडतूस भरून घ्यावे. चाप ओढताना नळी खाली दचकली तर नेमबाज धक्क्याला बिचकतो आहे, आणि त्याच्या मताला त्या दिवशी वजन देऊ नये.

धक्का रायफललाही सोसावा लागतो. मॅगझिनमधली काडतुसे पुढच्या भिंतीवर आपटून गोळी केसात, म्हणजे काडतुसाच्या कवचात, आत सरकते, आणि आत सरकलेल्या गोळीने दाब वाढतो. म्हणून गोळीभोवती केसाची कड घट्ट आवळलेली असावी. अ‍ॅक्शनच्या (काडतूस भरून झाडणाऱ्या यंत्रणेच्या) मागे लाकूड चिरू नये म्हणून दस्त्यात आडवे बोल्ट आणि नळीखाली दुसरा आधार बसवतात. दुनळीत धक्क्याने बोट पुढच्या चापावरून घसरून मागच्या चापावर जाते आणि दुसरी नळीही सुटते. मागचा चाप आधी ओढण्याची सवय लावली की हे टळते.