स्ट्रॉमधून सा

सिंहस्थ जवळ येतोय तसतशी नाशकात ‘हीलिंग’ची शिबिरं वाढू लागली आहेत. परवा गंगापूर रोडवर अशाच एका नादोपचार शिबिराचा फलक पाहिला. ५२८ हर्ट्झ हा म्हणे दैवी आकडा आहे, तो डीएनए दुरुस्त करतो आणि आपण फक्त चटईवर उताणं पडून डोळे मिटायचे. फी वाचून माझे उघडले.

त्या फलकापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर माझ्या ओळखीच्या एक गायिका राहतात. त्याही उपचारासाठी आवाजच वापरतात. पण त्यांच्याकडे चटई नाही, पितळी वाडगे नाहीत, मंद दिवे नाहीत. गेल्या गेल्या हातात पाण्याचा पेला आणि एक स्ट्रॉ येते आणि ‘हं, लावा सा’ असा हुकूम सुटतो. पडून राहायची सोय नाही.

आधी त्या आकड्याचा निकाल लावू. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. पेटीवर तार सप्तकातली पांढरी एक, म्हणजे वरच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, साधारण ५२३ हर्ट्झला वाजते. ५२८ म्हणजे तिच्यापेक्षा जेमतेम एक षष्ठांश अर्धस्वराने चढी (अर्धस्वर म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). बरेच दिवस ट्यून न केलेल्या पेटीत एवढा फरक सहज निघतो, म्हणजे गल्लोगल्लीच्या भजनी मंडळांनी आजवर कितीतरी डीएनए दुरुस्त केले असणार. शिवाय सेकंद हे माप माणसाने ठरवलेलं. आपण अजून घटिका-पळांत वेळ मोजत असतो तर हाच सूर पळाला, म्हणजे २४ सेकंदांना, १२,६७२ कंपनांचा झाला असता आणि फलकावर तो आकडा आला असता. आपल्या संगीतात तर सा सुद्धा ठरलेला नाही. जिचा गळा काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला, चालतो ती काळी चारला गाते, ज्याचा काळी एकला तो काळी एकला.

दुसरी अडचण भौतिकाची आहे. हवेतून आलेला आवाज अंगावर आदळतो तेव्हा त्यातली ९९ टक्क्यांहून जास्त ऊर्जा त्वचेवरूनच परत फिरते, कारण हवा आणि पाणीदार शरीर ही ध्वनीसाठी फार वेगळी माध्यमं आहेत. सोनोग्राफीच्या वेळी पोटावर गार जेल चोपडतात ते याचसाठी, मधली हवा घालवायला. जो काही अंश आत शिरतो त्याची ५२८ हर्ट्झला तरंगलांबी शरीरात जवळपास तीन मीटर भरते आणि पेशी असते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. तीन मीटरच्या लाटेला त्या पेशीतला एक रेणू निवडून दुरुस्त करायला सांगणं म्हणजे कमालच आहे. कर्करोग, मधुमेह अशा ठरावीक आजारांवर रामबाण इलाज असल्याची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. फलकवाल्यांना हे माहीत असतंच, म्हणून ते ‘ऊर्जा’ आणि ‘संतुलन’ असे न पकडता येणारे शब्द वापरतात.

मग आवाजाने बरं वाटतं ही निव्वळ समजूत का? नाही. संगीत ऐकून मन हलकं होतं, ते कानावाटे आणि मेंदूतून होतं, त्याला विशिष्ट आकडा लागत नाही. पण शरीरात जे मोजता येण्यासारखं घडतं त्यातला मोठा वाटा गाणाऱ्याला मिळतो, समोर पडून ऐकणाऱ्याला नाही. या गायिका ताई त्या निष्कर्षापर्यंत स्वतःच्या घशामुळे पोहोचल्या. दिवसा शाळेत संगीत शिकवायचं, संध्याकाळी घरी क्लास, शनिवार-रविवारी भजनाचे कार्यक्रम. वरचा सा फाटू लागला, मग बोलतानाही आवाज घोगरा झाला. दुर्बिणीत दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी दिसल्या. “कंठ बसला की ज्येष्ठमध चघळायचं, एवढंच आम्हाला ठाऊक,” त्या म्हणतात. स्पीच थेरपिस्टने हातात स्ट्रॉ ठेवली तेव्हा आपली थट्टा चालली आहे असं त्यांना वाटलं होतं.

ती थट्टा नव्हती. माझ्या मते शरीरातल्या सर्वांत देखण्या यंत्रणांपैकी एक त्या स्ट्रॉमागे आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

स्वरतंतू म्हणजे स्वरयंत्रातल्या स्नायूच्या दोन घड्या, वर ओलसर, लिबलिबीत अस्तर असलेल्या. बायकांत त्या साधारण दीड सेंटिमीटर लांब, पुरुषांत दोनच्या आसपास. काळी चारचा सा लावला की त्या सेकंदाला सुमारे २०८ वेळा उघडतात आणि एकमेकींवर आपटतात. तोच सा एकूण तासभर लावून धरला तर साडेसात लाख आपटण्या होतात. गाठी येतात त्या याच माऱ्याने, आणि बरोबर तिथे, जिथे कंप पावणाऱ्या भागाचा मध्य असतो आणि झोका सर्वांत मोठा असतो.

ही उघडझाप मेंदू करवत नाही. १९५० च्या सुमारास फ्रान्सच्या राऊल ह्यूसाँ यांनी तसं मांडलं होतं, की प्रत्येक कंपनासाठी मज्जातंतूतून वेगळा इशारा येतो. नेदरलँड्सच्या यानविलेम व्हान डेन बर्ग यांनी १९५८ मध्ये मांडलेला सिद्धांत टिकला: मेंदू फक्त घड्या जवळ आणतो आणि ताण ठरवतो, पुढचं काम हवा आणि लवचिकपणा करतात. पण इथे एक पेच आहे. घड्या उघडताना हवा जेवढा जोर लावते तेवढाच विरोध ती मिटताना करणार असेल, तर हिशेब शून्य होऊन कंपन विझायला हवं. ते टिकायचं तर उघडताना दाब जास्त आणि मिटताना कमी हवा. हा फरक दोन ठिकाणांहून येतो. एक, घडीची खालची कड आधी हलते आणि वरची मागून, त्यामुळे मधल्या फटीचा आकार उघडताना एक असतो आणि मिटताना दुसरा. दोन, घड्यांच्या वर, घशापासून ओठांपर्यंत उभा असलेला हवेचा स्तंभ.

हवेलाही वस्तुमान असतं. पंचवटीच्या मार्केट यार्डात टोमॅटोच्या क्रेटांनी लादलेली हातगाडी ढकलणारा माणूस पाहा. गाडी हलवताना ती त्याच्या छातीवर उलट रेटते आणि थांबवायला जावं तर त्यालाच पुढे ओढून नेते. घड्या उघडून हवेचा प्रवाह वाढू लागला की वरचा स्तंभ लगेच हलत नाही, दाब तुंबतो आणि तो घड्यांना आणखी फाकवतो. घड्या मिटायला लागून प्रवाह घटला तरी स्तंभ पुढेच जात राहतो, मागे दाब घसरतो आणि घड्या आपोआप एकमेकींकडे खेचल्या जातात. म्हणजे दोन्ही वेळा मदत, आणि तीही नेमक्या क्षणी. या जडत्वाचं माप काढायचं तर हवेची घनता गुणिले स्तंभाची लांबी भागिले त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ. आता ओठांत स्ट्रॉ धरा. स्तंभ लांबला आणि टोकाला भलताच अरुंद झाला, म्हणून जडत्व वाढलं. फुप्फुसातून कमी जोर लावूनही आवाज सुरू होतो. अमेरिकेतले इंगो टिट्झे यांनी हे गणित मांडून अशा व्यायामांना पक्का शास्त्रीय आधार दिला, २००६ चा त्यांचा लेख आजही थेरपिस्ट दाखवतात.

पाण्याचं काम वेगळं. स्ट्रॉ तीन सेंटिमीटर बुडवली तर तेवढ्या पाण्याचा दाब मोडल्याशिवाय बुडबुडा सुटत नाही. साध्या बोलण्यात फुप्फुसाचा दाबच पाच ते दहा सेंटिमीटर पाण्याएवढा असतो, म्हणजे हा अडथळा किरकोळ नाही. तोंडात साठलेला हा दाब घड्यांना केसभर दूर ठेवतो. त्या थरथरतात, पण जोरात आपटत नाहीत. ताईंच्या पेल्यात बघितलं तर सा स्थिर असताना बुडबुडे एका लयीत येतात आणि गळा आवळला की गडबडतात. आरसा पाहावा तसं त्या पाण्याकडे पाहून शिकवतात.

ओठ मिटून केलेला गुंजार, म्हणजे भ्रामरी किंवा ॐकारातला लांबवलेला मकार, हाही असाच अडथळा आहे, फक्त वाट नाकाची. तिथे आणखी एक गंमत होते. सायनसच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड वायू तयार होत असतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये एडी वाइट्झबर्ग आणि यॉन लुंडबर्ग यांनी २००२ मध्ये दाखवलं की शांत उच्छ्वासापेक्षा गुंजार करताना नाकातून तो १५ पट निघतो, कारण कंपनांनी सायनसमधली हवा बाहेर उपसली जाते. यावरून ‘भ्रामरीने सायनस बरा’ असा मथळा कुणी छापू नये. हवा खेळते, एवढंच सिद्ध झालंय.

श्वासाचं थोडक्यात. लुचानो बेर्नार्डी यांच्या २००१ च्या इटलीतल्या प्रयोगात २३ जणांकडून कॅथलिकांची लॅटिन जपमाळ आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया तल्लख झाली. रक्तदाबाची स्वतःची लय दहा सेकंदांची असते, श्वास तिच्या चालीने चालू लागला की हे घडतं. मंत्र कुठल्या धर्माचा, याच्याशी देणंघेणं नाही.

गाण्याकडून उपचाराकडे गेलेल्या ताई काही पहिल्या नाहीत. मान्युएल गार्सिया हे स्पॅनिश गायक, गळा साथ देईना म्हणून गुरुजी झाले. १८५४ मध्ये त्यांनी दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःच्या घड्या हलताना पाहिल्या. पुढच्याच वर्षी निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गेला. आज कान-नाक-घसा तज्ज्ञ जी दुर्बीण वापरतात तिची पणजी तो आरसा.

गळ्यातून काय होतं याला मर्यादाही आहेत. अर्धांगवायूनंतर वाचा गेलेल्या काहींना ओळखीचं गाणं मात्र म्हणता येतं, त्यावर बेतलेली उपचारपद्धत १९७३ मध्ये बोस्टनहून पुढे आली. ती सगळ्यांना लागू पडत नाही. कोविडनंतर दम लागणाऱ्यांसाठी लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेराने गाण्याचे वर्ग घेतले, २०२२ च्या चाचणीत त्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलेलं दिसलं, शारीरिक बाजूला तितका फरक पडला नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात याच पंचवटीत रामनामाचा आश्रम चालवला. लहानपणी फटाक्याने अधू झालेली त्यांची दृष्टी गाण्याने परत आली नाही, आणि म्हणून गाण्याची किंमत कमीही झाली नाही.

ताईंकडे सध्या जास्त येतात ते शिक्षक, पार्किन्सनमुळे आवाज बारीक झालेले आजोबा आणि काही कीर्तनकार. नवीन माणसाला त्या पहिला प्रश्न आवाजाचा नाही, तंबाखू-मिश्रीचा विचारतात. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला असेल तर आधी दुर्बीण तपासणी, मग स्ट्रॉ. मागच्या महिन्यात एका गृहस्थांनी ‘आधी थोडं गाऊन बघू’ असा आग्रह धरला, तर बाईंनी त्यांना चहा पाजला आणि डॉक्टरांची वेळ स्वतः फोन करून घेतली.