रुग्णालयातील घातक कचरा: भट्टीच्या निर्णयाची पार्श्वभूमी

रक्ताने भिजलेले बोळे आणि वापरलेल्या सुया पूर्वी पालिकेच्या कचराकुंडीतच जात. त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम झाले ते जुलै १९९८ मध्ये. पण त्या नियमांना वळण मिळाले होते ते त्याआधीच्या एका निकालाने.

दिल्लीच्या कचऱ्यासंबंधीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आदेश दिला, की तेथील ५० वा अधिक खाटांच्या रुग्णालयांनी आपल्या अखत्यारीत कचरा जाळण्याची भट्टी किंवा तितकीच परिणामकारक पर्यायी व्यवस्था उभारावी. प्रत्यक्षात भर राहिला तो भट्टीवरच. सलाईनच्या नळ्यांसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळले की डायॉक्सिन आणि फ्युरान ही विषारी द्रव्ये तयार होतात, म्हणून १९९८ च्या नियमांनी असे प्लास्टिक जाळण्यास मनाई केली आणि भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश सेल्सिअस तापमान सक्तीचे केले. मात्र दिवसाकाठी दोन-चार पिशव्या कचरा निघणाऱ्या रुग्णालयाला एवढी धग टिकवणे परवडणारे नव्हते, आणि प्रत्येक आवारात धुराडे उभे करण्याचा आग्रह माझ्या मते मुळातच चुकीचा होता.

पुढे अनेक रुग्णालयांचा कचरा एकत्र हाताळणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्रांकडे कल वळला. २०१६ च्या नियमांनुसार ७५ किलोमीटरच्या आत असे केंद्र असल्यास रुग्णालयाला स्वतःची प्रक्रिया यंत्रणा उभारता येत नाही. आवारातला धूर यामुळे थांबला, पण तो दुसऱ्यांच्या दारी गेला: मुंबईतील गोवंडीच्या रहिवाशांना देवनारच्या केंद्राविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

२०१६ च्या याच नियमांतून कचऱ्याच्या दहा वर्गांऐवजी पिशव्या-डब्यांच्या रंगांनुसार चार गट आले आणि १९९८ च्या शीर्षकातील ‘व्यवस्थापन व हाताळणी’ यांपैकी ‘हाताळणी’ हा शब्द गळाला. गंमत नव्हे, खेदाची बाब अशी, की हाताळणाऱ्यांची खरी दखल मात्र तेव्हाच घेतली गेली. इंजेक्शन दिल्यावर सुईला परत टोपण लावताना सिस्टरचे बोट टोचले जाते. तीच सुई जागच्या जागी कापून जाड पांढऱ्या डब्यात न टाकता पिशवीत गेली, तर पिशवी उचलणाऱ्या मावशींच्या पोटरीत घुसते. या सर्वांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणे रुग्णालयांवर या नियमांनी बंधनकारक झाले, म्हणजे भट्टीच्या आदेशानंतर २० वर्षांनी.